मामाची ट्रॉली आणि माझं टायरपुराण

‘टायर हा मुलींचा विषय नाही,’ असं मला आजवर किमान चार मुलांनी तोंडावर सांगितलंय. त्यातल्या तिघांना स्वतःच्या गाडीत हवा किती भरायची असते हे माहीत नव्हतं. चौथा मात्र एकदम कॉन्फिडंट. म्हणाला, ‘‘३५. सगळ्या गाड्यांना ३५च.’’ हा चौथा हिंजवडीत टीम लीड आहे. त्याच्या टीमची मला तेव्हापासून काळजी वाटते.

पण उगाच हसण्यात अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्याच लाइनीतली होते. टायर काळा असतो, गोल असतो आणि पंक्चर नेमका इंटरव्ह्यूच्या दिवशी होतो, एवढंच माझं टायरविषयक ज्ञान. त्यापलीकडचं जे काही कळलं ते एप्रिल २०२४ मध्ये, अकोल्याच्या एका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून. तेही मी शोधायला गेले नव्हते. ते मामाच्या डायरीतून खाली पडलं.

तर झालं असं. मी मूळची अकोल्याची. मास कॉमची डिग्री अमरावतीची, सध्या मुक्काम पुणे, धंदा फ्रीलान्स पत्रकारिता. (फ्रीलान्स म्हणजे आमच्या घरच्यांच्या भाषेत ‘सध्या काही करत नाही’.) तर एका मासिकासाठी मी ‘शेत ते डाळमिल’ असं फोटोफीचर करायला घेतलं होतं. अकोल्यात डाळमिला भरपूर, हरभऱ्या-तुरीचा बाजार मोठा आणि माझ्या मामाची शेती मूर्तिजापूर तालुक्यात. म्हणजे राहायला घर फुकट, जेवण फुकट आणि मॉडेल्सही फुकट. आणखी काय पाहिजे?

मामाने भावाची वाट बघत हरभरा धरून ठेवला होता. एप्रिलमध्ये एकदाचा विकायला काढला. ६० पोती, प्रत्येकी साधारण ५० किलो. दोनचाकी ट्रॉली, त्यात पोती रचली तर माल ट्रॉलीच्या फाळक्याच्या जेमतेम वर आला. मला तर फोटोग्राफर म्हणून वाईटच वाटलं. जानेवारीत याच ट्रॉलीतून कापूस जाताना मी पाहिला होता. काय थाट होता त्याचा! चारी बाजूंनी फळ्या आणि पोतडी बांधून उंच केलेली ट्रॉली, वर पांढराशुभ्र डोंगर, विजेच्या तारा चुकवत चाललेला. त्यापुढे हा हरभरा म्हणजे अगदीच मिळमिळीत फ्रेम.

निघायच्या आधी मामा टायरपाशी बसून हवा सोडत होता. मी विचारलं, ‘‘मामा, हवा काऊन सोडता?’’ (वऱ्हाडात पाऊल ठेवलं की माझी पुणेरी मराठी आपोआप गळून पडते.)

‘‘उन्हाळा आहे ना बाई. रस्ता तापला की हवा फुगते. थोडी कमी असली म्हणजे फुगाले जागा राह्यते.’’

मला ते एकदम पटलं. सायन्समध्ये शिकलो होतो ना, उष्णतेने हवा प्रसरण पावते. लॉजिक परफेक्ट. मी त्याचाही एक क्लोजअप काढला.

मग मी ती गोष्ट केली जी मला आजही रात्री आठवते. धाकट्या मामेभावाला, छोटूला, म्हटलं, ‘‘वर बस ना पोत्यांवर. रिकामी ट्रॉली बोअर दिसतेय.’’ तो ट्रॅक्टरवर मामाच्या बाजूला बसणार होता. पोलीस भरतीची तयारी करत होता, रोज पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पळायचा, बॉडी मस्त कमावलेली. फ्रेममध्ये छान दिसला असता. दिसलाही. डाव्या कोपऱ्यात, गॉगल लावून, पोत्याला टेकून. मी दुसऱ्या मामेभावाच्या बाइकवर मागे बसून मागून शूट करत होते.

मूर्तिजापूरहून अकोल्याकडे जाणारा हायवे आता लोण्यासारखा झालाय. तुम्ही वाचलं असेलच, जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत सलग तयार झाला आणि गिनीज बुकात गेला. आमच्याकडे त्याचा अभिमान एवढा की पाहुण्यांना स्टेशनवरून आणतानाही सांगतात. पण अशा रस्त्यावर ट्रॅक्टरसुद्धा आपली औकात विसरतो. पूर्वी खड्डे बघत जाणारा मामा आता गिअर टाकून मोकळा होतो. पारा चाळिशीच्या पुढे, दुपारचे साडेबारा, आणि आम्ही बोरगाव मंजूच्या अलीकडे.

आवाज झाला तेव्हा मला वाटलं ट्रान्सफॉर्मर उडाला. डावं चाक एकदम खाली बसलं, रिम डांबरावर घासत गेली, ट्रॉली डावीकडे झुकली, फाळका उघडला आणि पोती घरंगळत साइडपट्टीवर. त्यांच्यासोबत छोटू. दोन पोती त्याच्या पायावर. माझा कॅमेरा चालू होता. तो व्हिडिओ मी अजून पाहिलेला नाही आणि डिलीटही केलेला नाही.

मांडीचं हाड मोडलं होतं. आत रॉड टाकला. जीव वाचला, पाय वाचला, डॉक्टर म्हणाले नशीबवान आहे. जून २०२४ मध्ये राज्यभर पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू झाली. मुलांसाठी १६०० मीटर पळायचं असतं. छोटू तेव्हा वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंत जायला शिकत होता.

हॉस्पिटलमध्ये येणारा प्रत्येक नातेवाईक आपापली थिअरी घेऊन यायचा. ऊन. नशीब. रस्त्यावरचा खिळा. कंपनीचा खराब माल. मामीने तर थेट सांगितलं, नजर लागली, इतके फोटो काढतात का कुठं? आणि खरं सांगू, मला मामीचंच म्हणणं सगळ्यात जास्त लागलं. मामा मात्र एकच वाक्य बोलत होता. ‘‘दोन फूट तं माल होता. कापसाच्या टायमाले याच्या तिप्पट राह्यते. तवा काई झालं नाई.’’ आणि ऐकणारे सगळे माना डोलवत होते. मीही.

ऑपरेशनचे पैसे भरायला मामाने खिशातली डायरी काढली. आमच्या मामाची डायरी म्हणजे मोबाइल, बँक, तिजोरी सगळं एकत्र. तिच्यातून दहा-बारा चिटोरी खाली पडली. मी गोळा करायला वाकले. काट्याच्या पावत्या होत्या. बाजार समितीत किंवा जिनिंगवर ट्रॅक्टर-ट्रॉली भरलेली एकदा वजनकाट्यावर चढते, रिकामी झाली की पुन्हा चढते, आणि दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा माल. किलोकिलोचा हिशेब, कारण त्यावर पैसे मिळतात. एक पावती जानेवारीतल्या कापसाची होती. १९ क्विंटल ६० किलो. दुसरी होती आमच्या त्या दिवसाच्या हरभऱ्याची. मामाच्या मित्राने दुसऱ्या ट्रॉलीत भरून तो बाजारात पोचवला होता. फाटलेल्या पोत्यांतलं सांडलेलं वजा जाता ३० क्विंटलला थोडा कमी.

मी ती दोन चिटोरी बाकड्यावर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. कापूस तिप्पट उंच दिसायचा. हरभरा दीडपट जड होता.

म्हणजे आम्ही सगळे ओझं डोळ्यांनी मोजत होतो. डोळ्याला उंची दिसते. टायरला उंचीशी काही घेणंदेणं नसतं. नंतर मी घरी बसून आणखी एक हिशेब केला, कारण मामाची ट्रॉली शेतीचा सीझन संपला की कधीमधी रेतीही वाहते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एवढ्या कोरड्या रेतीचं वजन साडेचार टनांच्या आसपास जातं, ओली असेल तर आणखी. आणि कापसाइतकीच, म्हणजे २० क्विंटल रेती मामाच्या १० बाय ६ च्या ट्रॉलीत पसरली तर फूटभरसुद्धा उंची होत नाही. बघणारा म्हणेल, अरे, ट्रॉली तर रिकामीच चाललीये!

पण निव्वळ वजन कळून काय उपयोग? टायर किती पेलतो ते कळायला नको? त्यासाठी मी मूर्तिजापूरच्या एका पंक्चरवाल्या चाचांकडे गेले. फुटलेला टायर सोबत, आणि न फुटलेला उजवा टायर खोलून तोही. चाचांनी दोन्ही शेजारी उभे केले. दोन्हींवर एकच साइज, ७.५०-१६. सारखी उंची, सारखी जाडी, जुळे भाऊच. उलट फुटलेल्याची नक्षी जास्त खोल होती, म्हणजे दिसायला तोच नवा. मग चाचांनी खडू घेतला आणि दोन ठिकाणी गोल केले. उजव्यावर लिहिलं होतं १६ पीआर. डाव्यावर ८ पीआर.

पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. याची गंमत ऐका. पूर्वी टायरच्या रबराच्या आत सुती दोऱ्यांचे थर असायचे. जितके थर जास्त, तितका टायर दमदार. म्हणून थर मोजायची पद्धत पडली. आता आत नायलॉन आणि पोलाद असतं, थरही तितके नसतात, पण ताकद सांगायला आकडा जुनाच वापरतात. म्हणजे कापूस पिकवणाऱ्या आमच्या गावात टायरची ताकद अजून कापसाच्या हिशेबात लिहिलेली येते आणि ती वाचणारा कुणी नाही!

डाव्या टायरची हिस्टरी अशी. दोन वर्षांपूर्वी मूळचा टायर गेला. पेरणीचे दिवस, हातात पैसा नाही. मामाने एका पिकअपचा जुना टायर स्वस्तात घेतला. साइज जुळली, रिमवर बसला, विषय संपला. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत जास्तीत जास्त वजनही छापलेलं होतं, ११२० किलो, आणि तेही पुरेपूर हवा असेल तर. उजव्यावरचा आकडा १५०० च्या पुढचा होता. आता गणित करा. हरभरा ३० क्विंटल, रिकामी ट्रॉली अंदाजे ९, एकूण ३९. त्यातले ३-४ क्विंटल पुढे ट्रॅक्टरच्या हुकावर येतात, कारण दोनचाकी ट्रॉली आपलं थोडं ओझं ट्रॅक्टरच्या पाठीवर टाकते. उरले ३५. दोन चाकांवर साडेसतरा-साडेसतरा. रस्ता पाणी वाहून जावं म्हणून कडेला थोडा उतरता असतो, त्यामुळे डाव्या चाकावर जरा जास्तच. ११२० वाल्यावर १७५० किलो! ट्रॅक्टर हळू चालतो म्हणून टायरला काही सूट मिळते हे खरं, पण इतकी नाही. आणि उजवाही सुखात नव्हताच.

त्यात मामाने हवा काढलेली. हे तर मी ऐकून डोक्याला हातच लावला. आपल्याला वाटतं वजन रबर पेलतं. वजन पेलते आतली हवा, रबर फक्त तिला धरून ठेवतं. हवा कमी केली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त चेपते आणि सुटते, चेपते आणि सुटते. लोखंडाची तार वाकवून वाकवून तोडून बघा, वाकते तिथे ती गरम लागते. तसंच. वरून तापलेला रस्ता, आतून ही घासाघीस. रबर आणि दोऱ्यांची पकड सुटते आणि मग धडाम. म्हणजे फुटू नये म्हणून जे केलं त्यानेच फुटला. गाडी धावली की हवा थोडी वाढणार हे टायर बनवणाऱ्याला माहीत असतं, तो ते गृहीत धरूनच आकडा देतो. आपण फक्त सकाळी, टायर थंड असताना, तो आकडा गाठायचा. उन्हाळा असो की हिवाळा.

मला अर्थातच मामाला हे कसं सांगायचं कळेना. मुलगा पलंगावर, आणि मी पुण्याची भाची येऊन सांगणार की मामा, तुम्ही हवा सोडली म्हणून? मी नाही सांगितलं. चार महिने नाही सांगितलं.

दरम्यान माझं टायरपुराण जोरात सुरू होतं. अकोल्यातली माझी एक शाळामैत्रीण आता मिशिगनला असते. तिच्या नवऱ्याने सेकंडहँड बोट घेतलीये आणि उन्हाळ्यातल्या वीकेंडला ही मंडळी गाडीमागे ट्रेलर जोडून, त्यावर बोट चढवून तळ्यावर जातात. (आपल्याकडे हायवेवर बोट दिसली तर समजायचं कुठेतरी पूर आलाय.) व्हिडिओ कॉलवर मी तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, अगं, आमचाही एकदा असाच फुटला! मग आमच्या गप्पा ज्या रंगल्या! तिकडे ट्रेलरवर एक पट्टीच असते: एकूण वजन किती चालेल, टायर कोणता, थंड असताना हवा किती. ट्रेलरचे टायरही वेगळे, त्यांवर ‘एसटी’ अशी अक्षरं. गाडीचा टायर लावायचा नाही, कारण ट्रेलर वळताना टायरला आडवा पीळ बसतो आणि त्यासाठी बाजू कडक लागते. तरी लोक चुकतातच. कसे? तर बोटीच्या कॅटलॉगमध्ये लिहिलेलं वजन धरतात. ते कोरड्या बोटीचं असतं. त्यात १०० लिटर पेट्रोल म्हणजे वर ७५ किलो, शिवाय बॅटरी, नांगर, बर्फाची पेटी, बिअर. ते कुणी मोजत नाही.

पण तिने सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीने मी खरी हादरले. बोटीचा ट्रेलर वर्षातले बहुतेक महिने घराबाहेर नुसता उभा असतो. नक्षी झिजतच नाही, त्यामुळे टायर नवाकोरा दिसतो. आतून मात्र रबर म्हातारं होत असतं. तिचा टायर असाच फुटला, आठ वर्षांचा होता. मी फोन ठेवला आणि फुटलेल्या टायरचा फोटो झूम केला. टायरच्या कडेला एका लांबलचक कोडच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मामाच्या टायरवर होतं १४१३. म्हणजे २०१३ सालचा १४ वा आठवडा. ११ वर्षांचा टायर, त्यातली शेवटची दोन मामाच्या अंगणात, वऱ्हाडाच्या उन्हात, कडुनिंबाची सावली सरकली की उघड्यावर. बाजूला बारीक बारीक भेगा होत्याच. मी त्या आधी पाहिल्या होत्या. माझ्या क्लोजअपमध्ये स्पष्ट दिसतात, मला ते ‘टेक्स्चर’ वाटलं होतं.

कुठे मिशिगनचं तळं आणि कुठे मूर्तिजापूर. पण ट्रेलर तो ट्रेलर. स्वतःचं इंजीन नसतं, स्टेअरिंग नसतं, चालवणाऱ्याला त्याचं काही जाणवत नाही. कारचा टायर बसायला लागला की स्टेअरिंग ओढतं. ट्रॉलीचा बसला तर पुढे बसलेल्याला कळतच नाही. आजोबा सांगायचे, बैलगाडीत ओझं जास्त झालं की बैल मान टाकायचे, चढावर तोंडाला फेस यायचा, मग माणूस स्वतःच खाली उतरून चालायचा. गाडीच्या चाकाला लोखंडी धाव होती, तिला हवा भरायची भानगडच नव्हती. ट्रॅक्टर आला आणि तक्रार करणारं कुणी उरलं नाही. ३० क्विंटल म्हणा, ४० म्हणा, तो ओढतो.

आणि ओढतो म्हणून आपण भरतो. यात मामाचा हावरटपणा आहे असं प्लीज समजू नका. दोन खेपा म्हणजे दुप्पट डिझेल, दुप्पट हमाली आणि बाजारात आणखी एक दिवस रांगेत. तेवढ्यात भाव पडला तर? २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा माल भरल्याचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार झालाय. पण दंड कधीतरी होतो, डिझेल दर खेपेला लागतं. मीसुद्धा त्याच्या जागी असते तर एकाच खेपेत नेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय, आमच्याकडे ना ट्रॉली ना बोट. बरं. दिवाळीनंतर गावाहून पुण्याला परत निघताना तुमच्या हॅचबॅकची डिकी आठवा. आमची सांगते. तूरडाळ १५ किलो, गहू ५० किलो, ज्वारीचं पीठ, संत्र्यांची पेटी, लोणच्याच्या बरण्या, गाद्या (का, ते विचारू नका), आणि माणसं पाच. मग पुढे समृद्धीवर चढायचं आणि १२० लावायचा. २०२३ मध्ये तिथे टायर फुटून इतके अपघात झाले की आरटीओवाले एंट्रीलाच टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला लागले होते. पण नक्षी बघून फक्त झीज कळते. ओझ्याचं काय?

ते तुमच्या टायरवर लिहिलेलं आहे, आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन बघा. समजा १७५/६५ आर १४ ८२ टी असं असेल, तर त्यातला ८२ हा वजनाचा कोड. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो. ८८ असेल तर ५६०, ९१ असेल तर ६१५. पुढचं अक्षर वेगाचं, ‘टी’ म्हणजे ताशी १९०. मी माझ्या गाडीचा हिशेब केला तर सगळा संसार धरूनसुद्धा ओझं बसत होतं. मात्र हवा बरोबर असेल तरच. आणि ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. बऱ्याच गाड्यांत त्यावर हवेचे दोन आकडे असतात, एक नेहमीचा आणि एक गाडी फुल्ल भरलेली असताना. पाच वर्षं गाडी चालवून मी तो स्टिकर कधी वाचला नव्हता. तो टीम लीड? त्याच्या गाडीचा आकडा ३५ नव्हता. मी तपासलं. (टायरच्या कडेला हवेचा जो कमाल आकडा असतो तो कारसाठी नाही हं, कारला स्टिकरच बघायचा. ट्रेलरवाले मात्र सहसा टायरवरच्या आकड्यापर्यंत भरतात, कारण पूर्ण वजन त्या हवेलाच धरलेलं असतं. यात माझाही आधी गोंधळ झाला होता.) नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. भरा, नका भरू, पण मोजा.

मामाला शेवटी मी नाही सांगितलं, छोटूने सांगितलं. मी त्याला एकेक गोष्ट फोनवर सांगत होते, पलंगावर पडल्या पडल्या त्याला दुसरा उद्योग नव्हता. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो काठी टेकत अंगणात आला, काट्याच्या दोन पावत्या मामाच्या हातात दिल्या आणि सगळं बोलून गेला. हवेचंसुद्धा. मामा काही बोलला नाही. बैलांच्या शिंगांना रंग लावत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘‘म्हंजे माह्याच हातानं झालं.’’

‘‘आणि मी वर बसवलं,’’ मी म्हणाले.

‘‘आणि मी बसलो,’’ छोटू म्हणाला. ‘‘आता कोणाकोणाले फाशी देता?’’

चाचांकडून १६ प्लायचे दोन नवे टायर आले. हप्त्याने. चाचांनी आणि मी मिळून हिशेब केला, उरलेल्या रंगाने छोटूने फाळक्याच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘माल २२ क्विंटल. वर माणूस नाही.’ हरभऱ्याच्या आता दोन खेपा होतात आणि प्रत्येक खेपेला मामा डिझेलच्या नावाने मला शिव्या घालतो. सीझन नसला की ट्रॉली विटांवर टेकवून ठेवतात आणि टायरांवर जुनी पोती पांघरतात. छोटू थोडा लंगडतो. सध्या तलाठी भरतीचा अभ्यास करतोय, तिथे पळायचं नसतं.

गेल्या दिवाळीत मी पुण्याला निघाले तेव्हा मामीने नेहमीसारखी डिकी भरली. मामा बाहेर आला, खिशातून चष्मा काढला, माझ्या गाडीच्या मागच्या टायरपाशी उकिडवा बसला आणि बोटाने चाचपत कडेवरचे आकडे वाचायला लागला. मग दार उघडून स्टिकर वाचला. मग उठून डिकीतलं गव्हाचं पोतं उचललं आणि परत ओसरीवर नेऊन ठेवलं.

‘‘आता पोरीनं पुण्यात काय खावं?’’ मामी भडकली.

‘‘थ्यो गहू एसटीच्या पार्सलनं जाईन,’’ मामा म्हणाला, ‘‘तू सरक, हवा पाहू दे.’’

मामीने काहीतरी पुटपुटत पापडांचा डबा माझ्या मांडीवर आणून ठेवला. त्याचं वजन मात्र कुणी विचारलं नाही.